१४ महिन्यांत दगा देणारी ४८ व्होल्टची बॅटरी उघडली, सेल जोडणारी पट्टी नखाने निघाली. स्पॉट वेल्डिंगवर भरवसा ठेवायचा का?

कृष्णाकाठ_सोलर

नमस्कार मंडळी. मी पलूस भागात सोलर बसवायचं काम करतो. १४ महिन्यांपूर्वी एका बागायतदाराच्या घरी लिथियमची बॅटरी बसवली. ५१.२ व्होल्ट (बोलताना ४८ व्होल्टचीच म्हणतात), १०० अँपिअर-अवर, आत ३२७०० साइजचे लोहफॉस्फेट सेल, १६ सिरीज आणि १७ पॅरलल, म्हणजे पॅरलल जोडलेल्या १७ सेलचा एक ग्रुप आणि असे १६ ग्रुप एकामागे एक. एकूण २७२ सेल. घरात आजींना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, त्यासाठीच एवढी मोठी घेतली होती. फ्रिज, पंखे आणि ते मशीन मिळून सकाळपर्यंत आरामात निघायचं.

गेल्या तीन महिन्यांपासून पहाटे तीनच्या सुमारास बॅटरी एकदम बंद पडायला लागली. ॲपवर २०-२२ टक्के शिल्लक दिसतात आणि बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, वीज तोडून टाकतो. आजींचं मशीन शिट्टी मारायला लागलं की घरातले उठून इन्व्हर्टर मेनवर टाकतात, आणि त्या वेळी मेन असेलच असं नाही. पॅक बांधून देणाऱ्याची वॉरंटी १२ महिन्यांची होती. त्याने हात वर केले.

शेवटी मीच पेटी उघडली. ॲपमध्ये सातव्या ग्रुपचा व्होल्टेज सगळ्यांच्या आधी पडत होता. तो ग्रुप मल्टिमीटरने एकेक सेल करून तपासला. आधी प्रोब पट्टीवरच ठेवत होतो, त्यामुळे १७ च्या १७ सेल सारखे दिसले. मग पट्टीच्या कडेला उघडा दिसणारा कॅन, म्हणजे सेलचा धातूचा डबा असतो, तिथे प्रोब टेकवला. १४ सेल ३.०२ व्होल्ट आणि तीन सेल ३.३३! म्हणजे हे तीन सेल भरलेलेच होते, जोडलेलेच नव्हते. त्यांच्यावरची पट्टी मी नखाने उचलली आणि ती उठली. खाली कॅनवर फक्त चार पुसट ठिपके, पेन्सिलीचं टोक टेकवल्यासारखे. काहीही फाटलेलं नाही, काहीही वितळलेलं नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. ही स्पॉट वेल्डिंगची, म्हणजे करंटच्या झटक्याने पट्टी सेलला ठिपक्या-ठिपक्यांनी जोडायची पद्धतच कच्ची आहे का? मी सोल्डर करून टाकू का? की यापुढे बोल्टवाले मोठे सेलच घ्यायचे?

चाकणकर_वेल्ड

दादा, सोल्डर अजिबात करू नका. आधी ते सांगतो, बाकी मागून. सोल्डरिंगचं आयर्न सेलवर चार-पाच सेकंद टेकतं आणि ती सगळी उष्णता कॅनमधून आतल्या सेपरेटरपर्यंत जाते. तो प्लास्टिकचा पातळ पडदा आहे, १३० अंशांच्या आसपास त्याची छिद्रं मिटायला लागतात. प्लसच्या बाजूला झाकणाखाली रबरी सील असतं, तेही भाजतं. सेल त्याच दिवशी मरत नाही, पण आयुष्य गेलं.

पॅरललच्या १७ पैकी तीन सेल सुटले तर त्या ग्रुपमध्ये १४ उरले, म्हणजे १०२ ऐवजी ८४ अँपिअर-अवर. बाकी १५ ग्रुपमध्ये माल शिल्लक आहे, पण सातवा रिकामा झाला की बीएमएसला तोडावंच लागतं. म्हणून तुम्हाला २० टक्के दिसत असताना बंद पडते. चार्जिंगलाही तोच ग्रुप आधी भरतो. बीएमएसच्या दृष्टीने ग्रुप म्हणजे एकच मोठा सेल. त्याच्या पोटातला कोणता सेल सुटलाय हे त्याला कधीच कळत नाही. लोक मला सांगतात की आमचा बीएमएस भारी आहे, सगळं बघतो. नाही बघत. ही गोष्ट बघणारी वायरच तिथे नसते.

आता पद्धत कच्ची आहे का? नाही. हजारो पॅक याच पद्धतीने चाललेत. अमेरिकेच्या एलिहू थॉमसनने १८८६ साली रेझिस्टन्स वेल्डिंगचं पेटंट घेतलं, स्पॉट हा त्याचाच एक प्रकार. तुमच्या सेलच्या पोटातसुद्धा बनतानाच असा एक स्पॉट मारलेला असतो. दंडगोल सेलमध्ये गुंडाळीच्या मधल्या पोकळीतून लांब पिन खाली घालून निगेटिव्हची आतली पट्टी कॅनच्या बुडाला चिकटवतात.

बाहेरच्या स्पॉटमध्ये काय होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे ते चार पुसट ठिपके का पडले ते कळेल. दोन तांब्याच्या पिना पट्टीवर दाबल्या जातात. एका पिनेतून हजार-दोन हजार अँपिअर आत जातात, पट्टीतून कॅनमध्ये उतरतात, कॅनमधून आडवे जाऊन दुसऱ्या पिनेखाली वर येतात. वेळ किती? पाच ते दहा मिलिसेकंद. एवढ्या वेळात पट्टी आणि कॅन जिथे एकमेकांना टेकलेत, तिथलाच रेझिस्टन्स सर्वांत जास्त असायला हवा, म्हणजे तिथेच धातू पहिल्यांदा वितळतो. निकेल १४५५ अंशांना वितळतं. तेवढी उष्णता अर्ध्या-एक मिलिमीटरच्या टिपक्यात तयार होते आणि पसरायच्या आत पल्स, म्हणजे करंटचा झटका, संपलेला असतो. म्हणून सेलला हात लावला तर तो कोमट पण लागत नाही.

पण गडबड अशी की सगळाच करंट कॅनमध्ये उतरत नाही. काही भाग पहिल्या पिनेकडून दुसऱ्या पिनेकडे पट्टीतूनच आडवा पळतो. तो करंट वाया. म्हणून चांगल्या पट्टीला दोन पिनांच्या मध्ये एक चीर कापलेली असते. तुमच्या पट्टीला चीर आहे का ते बघा. साधी सपाट पट्टी असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

कृष्णाकाठ_सोलर

सर, चीर नाही. सपाट पट्टी आहे, ८ मिलिमीटर रुंद. जाडी कॅलिपरने ०.१५ येते.

फौंड्री_उद्यमनगर

भावा, मी कोल्हापुरात पॅक बांधतो, मुख्यतः ई-सायकल आणि सोलरचे. तुझी पट्टी खरंच निकेलची हाय का ते पहिल्यांदा बघ. बाजारात निम्म्या भावात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी मिळते आणि रिळावर प्युअर निकेल असंच लिहिलेलं असतं. चुंबक लावून काय कळत नाही, निकेलपण चुंबकाला चिकटतं. त्यावर लई जण फसलेत, मीपण फसलोय.

तुकडा घे, कानशीने किंवा पॉलिशपेपरने वरचा थर खरवड, मिठाच्या पाण्यात बुडवून रात्रभर ठेव. सकाळी खरवडलेल्या जागी तांबूस गंज दिसला की ते लोखंड. घाई असेल तर ग्राइंडरच्या चाकाला टोक टेकव. लोखंडाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या लांब उडतात, निकेलच्या जवळजवळ उडतच नाहीत.

लोखंडी पट्टीचा रेझिस्टन्स निकेलपेक्षा जास्त, त्यामुळे ती तापते, पावसाळ्यात कडेने गंजते. पण माझ्या मते तुझ्या बाबतीत वेगळंच झालं असणार. लोखंडी पट्टी स्पॉटला फार सोपी जाते, कारण रेझिस्टन्स जास्त म्हणजे उष्णता जास्त. कमी सेटिंगवरपण पक्की बसते. समज, कारागिराने महिनाभर लोखंडी पट्टीवर मशीन लावून ठेवलं, मग मालकाने एक रीळ खरं निकेल आणलं. सेटिंग तेच राहिलं. आता त्याच सेटिंगवर निकेल कच्चं बसणार. वरून बघशील तर ठिपके सारखेच दिसतात! चांगला माल आणला म्हणून पॅक बिघडला, असं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तपासणी_टेबल

मी भोसरीला एका पॅक बनवणाऱ्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे, सहा वर्षं झाली. कृष्णाकाठ दादांचं वाचून फार वाईट वाटलं, कारण हा दोष पकडायला दोन मिनिटं लागतात आणि एक पक्कड लागते.

आमच्याकडे शिफ्ट सुरू होताना, पिन घासली की, पिन बदलली की, पट्टीचं रीळ बदललं की आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन पुन्हा चालू केलं की पहिला स्पॉट सेलवर मारतच नाही. रिकाम्या कॅनवर मारतो. मग पट्टीचं एक टोक पकडीत धरून मी ती हळूहळू गुंडाळत सोलते, सार्डिनच्या डब्याचं झाकण उघडतात तशी. बघायचं एकच. पट्टी उठली तेव्हा स्पॉटच्या जागी पट्टीला भोक पडलं का आणि त्या भोकातला धातू बटणासारखा कॅनवर चिकटून राहिला का. चारही ठिकाणी भोक आणि चारही बटणं कॅनवर असतील तर जोड पट्टीपेक्षा मजबूत आहे. तो पास. पट्टी अखंड, गुळगुळीत उठली आणि कॅनवर नुसते ठिपके राहिले तर कच्चा स्पॉट. दादांच्या पॅकमध्ये हेच झालंय.

उलटंही होतं. स्पॉट काळा पडलेला, कडेला धातूचे कण उडालेले, कधी कॅनला सुईएवढं छिद्र. कॅनचा पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, जास्त रेटलं तर आरपार. अशा सेलला नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतो. तो वास आला की मी लाइन थांबवते, सेल बाहेर मोकळ्यावर ठेवते आणि त्या मशीनवरचे आधीचे सगळे पॅक परत मागवते.

नवीन मुली येतात त्यांना वाटतं की ठिणगी उडाली म्हणजे स्पॉट छान बसला. मी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात पक्कड देते आणि एक ठिणगीचा, एक बिनठिणगीचा असे दोन स्पॉट सोलायला लावते. ठिणगी म्हणजे जो धातू जोडात राहायला हवा होता तो बाहेर उडाला. त्यानंतर सांगावं लागत नाही.

कृष्णाकाठ_सोलर

ताई, मग तयार पॅकवर हे कसं तपासायचं? सोलून तर बघता येणार नाही.

तपासणी_टेबल

येत नाही, आणि दुखणं तिथेच आहे. मारलेल्या स्पॉटचा आतला भाग दिसत नाही. डोळ्याने नाही, मल्टिमीटरनेही नाही. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स जोडाच्या कितीतरी पट असतो. चार वायरींचा मिलिओहममीटर लागतो, दोन वायरींनी करंट सोडायचा आणि दुसऱ्या दोघींनी जोडाच्या दोन्ही बाजूंचा व्होल्टेज मोजायचा. त्याने आकडा कळतो, पण नुसता दाबून टेकलेला जोडही त्या दिवशी चांगला आकडा दाखवू शकतो. पट्टी कॅनवर घट्ट बसलेली असते, करंट जातो, पॅक टेस्टिंगला पास होतो, गाडीत चढतो. मग उन्हाळा-हिवाळा, चार्जिंगला सेल कोमट होतो, रात्री थंड होतो, रस्त्याची थरथर, आणि मधल्या फटीत हवेतला ओलावा. महिन्या-महिन्याने तो आकडा वाढत जातो. तुमचे १४ महिने तिथे गेले.

म्हणून आम्ही जोड तपासत नाही, जोड मारणारं मशीन तपासतो. तासातासाला एक पट्टी सोलून तिच्यावर मशीनचा नंबर, पिनेचा नंबर, वेळ मार्करने लिहून ती पाकिटात ठेवते. तीन वर्षांची पाकिटं आहेत माझ्याकडे.

चाकणकर_वेल्ड

ताईंच्या पाकिटांवरून आमच्याकडची गोष्ट सांगतो. कंपनी कोणती ते सांगत नाही, पण घडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या लाइनवरून गेलेल्या पॅकमधून तक्रारी यायला लागल्या, अगदी याच प्रकारच्या. परत आलेले पॅक फाडले तर सगळे संध्याकाळच्या शिफ्टचे. सकाळचा एकही नाही. पहिला संशय अर्थातच माणसांवर गेला. संध्याकाळची पोरं नवीन होती, त्यांच्यावर फार बोललं गेलं. मीही बोललो, आणि ते मला आजही टोचतं.

मशीन साधं एसी होतं, ट्रान्सफॉर्मरवालं, लाइनचा व्होल्टेज जसा येईल तसा घेणारं. एका संध्याकाळी मी पॅनेलला मीटर लावून बसलो. सहा वाजेपर्यंत ४१५. सव्वासहाला शेजारच्या प्लॉटवरच्या भट्ट्या चालू झाल्या आणि काटा ३८० वर उतरला. साडेआठ टक्के घट. वाटतं किरकोळ. पण उष्णता करंटच्या वर्गावर चालते. साडेआठ टक्के करंट कमी म्हणजे उष्णता १६ टक्के कमी. आमचं सेटिंग आधीच खालच्या कडेला होतं, कारण कॅनला भोक पडायची भीती. त्यात १६ टक्के गेले की निकेल वितळतच नाही, मऊ होऊन चिकटल्यासारखं होतं.

त्या पोरांची चूक शून्य होती. त्यांच्यापुढे जे मशीन होतं ते त्यांना खोटं सांगत होतं, डायलवर आकडा तोच.

नंतर आम्ही इन्व्हर्टरवालं मशीन घेतलं, जे पल्स चालू असतानाच करंट मोजून तिथल्या तिथे दुरुस्त करतं. कपॅसिटरमध्ये आधी ऊर्जा साठवून सोडणारी मशीनंही लाइनच्या चढउतारापासून बरीच सुरक्षित असतात. दोन पल्स द्यायचे. पहिला छोटा, तो पट्टी बसवतो, वरची घाण जाळतो आणि दोन्ही पत्रे नीट टेकवतो. दुसरा खरा जोडाचा. पहिला पल्स न देता थेट मोठा मारला की तेलकट बोटांचा ठसासुद्धा निकाल बदलतो.

तुमचा पॅक कुठे बांधला मला माहीत नाही. पण तुमच्या भागात संध्याकाळी कृषिपंपांची लाइन चालू झाली की व्होल्टेजचं काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.

धातुशास्त्र_निवृत्त

चर्चा उत्तम चालली आहे. दोन गोष्टी जोडतो, कारण दोन्ही ठिकाणी सहज बुद्धी उलटी सांगते.

पहिली, दाब. नवशिक्याला वाटते की पिन जितकी जोरात दाबावी तितका जोड पक्का. प्रत्यक्षात दाब वाढला की पट्टी आणि कॅन एकमेकांना अधिक घट्ट टेकतात, तिथला स्पर्शाचा रेझिस्टन्स कमी होतो आणि उष्णताही कमी होते. जास्त दाब म्हणजे थंड जोड आणि पट्टीवर खोल खळगा. दाब फार कमी असेल तर रेझिस्टन्स बेसुमार वाढतो, धातू उडतो, पिन पट्टीला चिकटते. या जाडीच्या पट्टीला दर पिनेस साधारण दोन-तीन किलोचा दाब पुरतो. तो दर वेळी तितकाच हवा. हाताने धरायच्या पेनवर तो माणसाच्या मनगटावर अवलंबून असतो आणि दुपारनंतर मनगट थकते.

दुसरी, पिनेचे टोक. नवीन असताना टोकाचा व्यास दीड मिलिमीटर आहे असे धरू. काही शे स्पॉटनंतर ते चेपून दोन मिलिमीटर झाले. डोळ्याला फरक जाणवत नाही. पण क्षेत्रफळ पावणेदोन पटीहून अधिक झाले, म्हणजे करंट तेवढाच असला तरी तो तेवढ्या जास्त जागेत पसरला. पिना क्रोमियम-झिर्कोनियम मिसळलेल्या तांब्याच्या असतात. शुद्ध तांबे फार लवकर चेपते. घासण्यासाठी बारीक पॉलिशपेपर वापरावा, कानशीने घासून टोक तिरपे करू नये.

डीसी मशीनवर प्लस आणि मायनस पिनेखालचे दोन ठिपके नेहमी सारखे नसतात, हेही लक्षात असू द्या. धातूंच्या सांध्यातून करंट एका दिशेने गेला की थोडी उष्णता वाढते, उलट दिशेने गेला की घटते. याला पेल्टिए परिणाम म्हणतात. म्हणूनच सोलून बघताना चारही ठिपके बघायचे, एक चांगला दिसला म्हणून थांबायचे नाही. काही मशीन पहिला पल्स एका दिशेने आणि दुसरा उलट देतात ते यासाठीच.

फौंड्री_उद्यमनगर

सर, तांब्याच्या पट्टीचं सांगा की. निकेल तापतंय म्हणून आता सगळे तांबं मागतात. माझ्याकडे बसत नाही.

धातुशास्त्र_निवृत्त

बसणे अवघडच आहे. निकेलची रोधकता तांब्याच्या चौपट आहे. म्हणजे तांब्यात उष्णता चौथाईच तयार होते, आणि झालेली उष्णता तांबे लगेच आजूबाजूला वाहून नेते. शिवाय तुमची पिनही तांब्याचीच. वितळायचे कोणी, पिनेने की पट्टीने, हे ठरत नाही. तांब्यासाठी पिना टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमच्या लावतात, म्हणजे पिन स्वतः तापून वरून उष्णता देते. दुसरा मार्ग म्हणजे तांब्याच्या पातळ पट्टीवर निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा तुकडा ठेवून त्यावर स्पॉट मारणे. लोखंड तापते आणि खालच्या तांब्याला सोबत घेऊन वितळते. मात्र यासाठी मशीनला मोठा करंट हवा. छोट्या पेनच्या मशीनवर प्रयत्न करू नये.

आणि निकेल तापते का, याचा हिशेब करून बघा. ०.१५ बाय ८ मिलिमीटरच्या पट्टीचा रेझिस्टन्स दर सेंटीमीटरला सुमारे ०.५८ मिलिओहम. तीन किलोवॅटचा लोड म्हणजे या पॅकमधून जवळपास ५९ अँपिअर. ते १७ सेलमध्ये वाटले गेले तर दर सेलच्या पट्टीतून साडेतीनच अँपिअर, काहीच नाही. पण पॅकच्या टोकाला सगळा करंट एकाच पट्टीतून बाहेर काढला असेल, तर तिथे दर सेंटीमीटरला दोन वॅट उष्णता. तिथे पट्टी तपकिरी-निळसर पडते. कृष्णाकाठ, तुमच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्यांचा रंग बघा.

कृष्णाकाठ_सोलर

बघितलं सर. प्लसच्या टोकाला पट्टी निळसर झाली आहे आणि खालचं सेलचं निळं आवरण आकसून सुरकुतलंय. मी ते वाहतुकीत घासलं असेल समजत होतो.

श्टुटगार्टहून

मूळचा साताऱ्याचा, सध्या जर्मनीत बॅटरी मॉड्यूलच्या लाइनवर आहे. "बोल्टवाले मोठे सेल घ्यायचे का" या प्रश्नावर थोडं लिहितो.

ग्रिडच्या मोठ्या साठवणुकीत आता २८० आणि ३१४ अँपिअर-अवरचे चौकोनी सेल वापरतात. त्यांची टर्मिनलं ॲल्युमिनियमची आणि सेल जोडणारी पट्टी म्हणजे बसबारही ॲल्युमिनियमचा, एक-दोन मिलिमीटर जाड. तिथे रेझिस्टन्स वेल्डिंग चालत नाही. ॲल्युमिनियम वीज फार चांगली वाहून नेतं, वर ऑक्साइडचा कडक थर असतो, आणि एवढ्या जाडीला लागणारा करंट अवाढव्य होतो. आम्ही लेझरने जोडतो. पण लेझरला दोन पत्र्यांमध्ये केसाएवढीही फट चालत नाही, लाखो युरोचं मशीन आणि बंद खोली लागते. भोसरी-कोल्हापूरच्या छोट्या युनिटला दंडगोल सेल आणि स्पॉट हेच परवडतं आणि ते नीट केलं तर काही कमी नाही.

सुट्या मिळणाऱ्या चौकोनी सेलला बोल्टचे स्टड असतात. त्यांनाही भरवशाचं समजू नका. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड धरतं, नट सैल होतो. बोल्टचा एक फायदा खरा आहे, सैल झालेला बोल्ट पाना लावून कळतो आणि आवळता येतो.

कृष्णाकाठ_सोलर

मी तेच म्हणतो. मला माझ्या हाताने तपासता येईल अशी वस्तू हवी. मी खेड्यात काम करतो, माझ्याकडे मिलिओहममीटर नाही.

चाकणकर_वेल्ड

तुमचं म्हणणं मला पटतं. घराच्या साठवणुकीसाठी, जिथे जागा आहे आणि वजन उचलायचं नाही, तिथे १६ मोठे सेल आणि ३२ बोल्ट हे २७२ सेल आणि त्यांच्या ५४४ टोकांपेक्षा सांभाळायला सोपे. ५४४ टोकं म्हणजे प्रत्येकी चार ठिपके धरले तर २१७६. मी आयुष्यभर स्पॉट वेल्डिंग केलंय तरी हे कबूल करतो.

पण आत्ता तुमच्याकडे जो पॅक आहे त्यातले सेल चांगले आहेत. ते फेकू नका. आणि एक गोष्ट तातडीची. ते तीन सुटलेले सेल आहेत तसे ठेवून पॅक चालवू नका. ३.३३ व्होल्टचा सेल आणि ३.०२ चा ग्रुप, मध्ये अर्धवट टेकलेली पट्टी. धक्क्याने ती टेकली की सगळा फरक त्या एका बिंदूतून एकदम वाहतो. ठिणगी पडते. पट्टी काढा, टोकांना टेप लावा. आणि अंगठी, घड्याळ, हातातलं कडं काढून, पान्याला टेप गुंडाळूनच हात घाला.

तपासणी_टेबल

प्लसच्या बाजूला हात घालताना अजून एक. सेलचा सगळा कॅन, अगदी वरच्या खांद्यापर्यंत, मायनस असतो. प्लसची टोपी आणि तो खांदा यांच्यामध्ये फक्त गॅस्केटची बारीक कड आणि वरचं प्लास्टिकचं आवरण. तुमचं आवरण उष्णतेने आकसलंय म्हणालात. पट्टी त्या खांद्यावरून जात असेल तर ती आणि शॉर्ट यांच्यामध्ये आता काहीच नाही. प्रत्येक प्लसवर फिश पेपरची, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या जाड कागदाची, गोल चकती असायलाच हवी. आहे का?

कृष्णाकाठ_सोलर

काही सेलवर आहे, काहींवर नाही ताई. तिथे हातच लावला नाही मग. पॅक भाराविना ठेवला, आजींच्या मशीनसाठी तूर्त माझ्याकडची जुनी लेड-ॲसिड जोडून दिली.

फौंड्री_उद्यमनगर

पॅक घेऊन ये भावा इकडं. मिळून करू.

कृष्णाकाठ_सोलर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. पाऊस आणि कामं दोन्ही सुरू झाली.

उद्यमनगरला दोन दिवस बसलो. लाकडी पट्टीचं टोक प्रत्येक जोडाच्या कडेला घालून हलकंच उचलून बघितलं. ५४४ पैकी ४१ टोकं उठली. त्यातली ३० एकाच बाजूच्या सलग चार ग्रुपमध्ये. म्हणजे पॅक बांधताना मधेच काहीतरी बदललं, पिन म्हणा, रीळ म्हणा, व्होल्टेज म्हणा, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मिठाच्या पाण्यातल्या तुकड्याला गंज आला नाही, पट्टी खरी निकेलची होती.

उठलेल्यांवर नुसते नवे स्पॉट मारायचं ठरलं होतं. पण पॉलिशपेपरने कॅन घासून, स्पिरिटने पुसून, आधी टाकाऊ सेलवर स्पॉट मारून सोलून बघितला तेव्हा लक्षात आलं की सपाट पट्टीला त्या मशीनवर कितीही केलं तरी चारपैकी दोनच भोकं पडतात. चीर असलेली पट्टी आणली. त्याच सेटिंगवर चारही. तिथेच ठरवलं, सगळी पट्टी काढायची. आधीच्या ठिपक्यांना सोडून बाजूला नवे मारले, प्रत्येक प्लसवर फिश पेपर, दोन्ही टोकांना पट्टीवर तांब्याची वेणी. प्रत्येक ग्रुप झाला की टाकाऊ सेलवर एक पट्टी सोलायची. ताई, ती सगळी मी पाकिटात ठेवलीत, तारीख-वेळ टाकून.

ग्रुप जोडायच्या आधी २७२ सेल एकाच व्होल्टेजला आणायला पूर्ण एक रात्र गेली. पॅक आता चार रात्री चाललाय. पहिल्या रात्री मी तिथेच ओसरीवर झोपलो होतो. पहाटे तीनला जाग आली, मशीनचा आवाज एकसारखा चालू होता. सहा वाजता ॲपवर ३४ टक्के होते आणि सातवा ग्रुप बाकीच्यांपेक्षा पाच मिलिव्होल्टने खाली.

तपासणी_टेबल

पाच मिलिव्होल्ट छान आहे. महिन्याने पुन्हा बघा आणि त्याच वेळी, त्याच लोडवर बघा. वाढत गेला तर इथे लिहा.

कृष्णाकाठ_सोलर

लिहितो. अजून एक सांगायचं राहिलं. विट्याच्या एका दवाखान्यासाठी पॅक हवा होता, त्यासाठी काल एका नव्या असेंब्लरकडे गेलो होतो. भाव, वॉरंटी काही विचारायच्या आधी म्हटलं, मला एक पट्टी सोलून दाखवा. तो माणूस काही न बोलता आत गेला, रिकामा कॅन आणला, फिक्स्चरमध्ये ठेवला, दोनदा पायडल दाबलं आणि पक्कड माझ्याच हातात दिली. पट्टी सहज निघाली नाही, दोन्ही हात लावावे लागले. उजेडाकडे धरली तर चार भोकं, आणि कॅनवर चार बटणं.